टांझानियात स्वयंसेवक म्हणून येताय? पहिल्या आठवड्यांत या चुका टाळा

मोरोगोरोला प्रशिक्षणासाठी नवी तुकडी उतरली की कोण कशात फसणार, हे मला आता आधीच कळतं. माणसं नवी, खड्डे तेच.

सगळ्यात मोठा खड्डा घड्याळाचा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्याकडे पूर्वी घटिका मोजायचे तसेच. सकाळचे ७ म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास. ८ म्हणजे 'साआ म्बिली', दुसरा. हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. दुसऱ्या आठवड्यात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, उद्या 'साआ म्बिली', रेबीजची लस. म्बिली म्हणजे दोन एवढं कळल्याच्या आनंदात मी पुढचं ऐकलंच नाही. सकाळी निवांत कपडे धुतले, जेवलो आणि दुपारी २ ला इस्त्रीच्या शर्टात हजर. वर्गाला कुलूप. ओट्यावर बाई वह्या तपासत होत्या. "पोले साना," म्हणाल्या, म्हणजे 'अरेरे'. मग मनगट पुढे करून, "साआ नाने." नाने म्हणजे आठ. थोडक्यात, मी आठलाच पोचलो होतो.

तेव्हापासून मी काट्यांचं घड्याळ वापरतो. तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा: ८ च्या समोर २. काही हुशार लोक फोनचं घड्याळच ६ तास मागे लावतात आणि मग अलार्म, घरचे फोन, सगळ्याचा विचका करून माझ्याकडे येतात. बसचं तिकीट काढताना मात्र तोंडाने विचाराच: 'आसुबुही' की 'उसिकु', सकाळ की रात्र?

दुसरी चूक खास मराठी माणसाची. 'चाय', 'पेसा', 'बाबा' ऐकून आपल्याला वाटतं, भाषा अर्धी आलीच. इथे 'काका' म्हणजे भाऊ, 'मामा' म्हणजे आई आणि 'दादा' म्हणजे बहीण. दलादलाच्या, म्हणजे इथल्या मिनीबसच्या, मिशाळ कंडक्टरला मी भर गर्दीत "दादा" म्हणून हाक मारली आहे. माझा थांबा येईपर्यंत मागच्या बायकांचं हसू थांबलं नाही. वडीलधारं माणूस दिसलं की आधी 'शिकामोओ' म्हणा, ते 'माराहाबा' म्हणतील, मग कामाचं बोला. ॲपवर रोज दहा मिनिटं घालवून हे अंगवळणी पडत नाही. चुलीपाशी बसावं लागतं.

हिवतापासाठी डॉक्सीसायक्लीन दिली असेल तर रिकाम्या पोटी, घोटभर पाण्यावर घेऊन आडवे होऊ नका, छाती जळते. परतल्यावरही ती ४ आठवडे चालू ठेवायची असते.

उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, उजव्या हाताने खायची, हे आपल्याला सांगायला नको.

आणि तिसऱ्याच दिवशी "आम्हाला गावात कधी पाठवणार?" विचारणारे. इथे बाईला बहुधा थोरल्या लेकराच्या नावाने हाक मारतात, मामा अमुक, मामा तमुक. मी त्यांना उलट विचारतो, ज्या घरी राहताय तिथल्या मामाला गल्ली काय म्हणून हाक मारते? बहुतेक जण फोनकडे बघायला लागतात.