छोट्या रेस बाईकला टायर वॉर्मर लावताना या चुका टाळा (आमच्या सगळ्या करून झाल्यात)

आमच्या ग्रुपात चार जण केटीएम आरसी 390 वाले, पुण्याहून टेम्पोत बाईक टाकून चेन्नईच्या ट्रॅकवर जातो, आणि वॉर्मरबद्दलचं (म्हणजे ट्रॅकवर जायच्या आधी टायरभोवती गुंडाळून तो तापवायचं विजेवरचं कापड) सगळं ज्ञान आम्ही घेतलं ते लिटर बाईकवाल्यांकडून, म्हणजे हजार सीसीवाल्यांकडून. तिथेच माशी शिंकली.

कारण हजार सीसीची बाईक स्वतःच टायर तापवते. वजन आणि ताकद दोन्ही भरपूर, टायर एवढा चेपला जातो की एका लॅपमध्ये गरम, वॉर्मर ही नुसती सुरुवात. आपली 390 म्हणजे चाळीस-त्रेचाळीस घोडे, आणि होंडाची एनएसएफ 250 आर तर फक्त 84 किलोची, ती टायरला काय चेपणार? त्यात टायर अरुंद, वाऱ्याने पटकन गार होतो. म्हणजे वॉर्मरमधून मिळालेली उष्णता हेच आपलं भांडवल, आणि आपण ते पिट लेनमध्येच, म्हणजे ट्रॅकवर शिरायच्या आधीच्या पट्ट्यात, उधळतो.

पहिली चूक मापाची. कुणीतरी स्वस्तात मोठ्या बाईकचा सेट देतो, 120 आणि 190 वाला (पुढच्या-मागच्या टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये), आणि आपण तो 110 आणि 150 च्या टायरवर गुंडाळतो. मग कापड एकावर एक चढतं, जिथे डबल झालं तिथे टायर भाजतो आणि बाकी ठिकाणी वॉर्मर टेकतच नाही, शिवाय घडी पडली की आतली तार तिथेच तुटते. सेन्सर एकाच जागी असतो, तो नेमका मोकळ्या भागात आला तर कंट्रोलरला वाटतं अजून गारच आहे, चालू ठेवा. एनएसएफसारख्या बाईकला तर त्याहून बारीक सेट लागतो, आणि 10 इंची चाकाच्या मिनी बाईकला वेगळाच. इथे जुगाड नको.

दुसरी, घाई. पंधरा मिनिटांत हात लावला की टायर वरून मस्त गरम लागतो आणि आपण खूश, पण आतला सांगाडा आणि रिम गारच असते, ट्रॅकवर गेल्यावर वरची उष्णता आत शोषली जाते आणि दुसऱ्या वळणावर पाय लटपटतात. 80 डिग्रीला निदान पाऊण तास ते तास द्या. चेन्नईच्या मेकॅनिकने आम्हाला साधी गोष्ट शिकवली, टायरला नाही रिमला हात लाव, रिम कोमट लागली की झालं.

आता हवेचं, इथे सगळ्यात जास्त गोंधळ. सकाळी 30 डिग्रीला 25 पीएसआय भरून ठेवली तर 80 ला तीच हवा साधारण 31 च्या वर जाते, म्हणून वॉर्मर काढता काढता मोजून कमी करायची, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण मोठ्या बाईकचा टायर ट्रॅकवर त्याहून तापतो आणि आपला बऱ्याचदा उलटा उतरतो. वॉर्मरवर 28 ठेवली आणि टायर ट्रॅकवर 60 ला येऊन थांबला तर आत जेमतेम साडेपंचवीस उरते. म्हणून खरा आकडा आत आल्या आल्या, बाईक स्टँडवर चढवायच्या आधी मोजा आणि वहीत लिहा, त्यावरून पुढच्या सेशनला वॉर्मरवर किती ठेवायची ते ठरवा. आणि दुसऱ्याचा आकडा कॉपी करू नका, जड बाईकचं प्रेशर हलक्या बाईकला दगडासारखं, टायर चेपतच नाही मग तापणार कुठून.

वीज. गेल्या वर्षी चौघांचे वॉर्मर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, एक सेट हजार वॅटच्या आसपास, म्हणजे साडेचार अँपियर, गुणिले चार. एमसीबी कधी पडला कुणालाच कळलं नाही, आम्ही चहा पीत होतो. मी कापड काढलं, गाडी बाहेर काढली, आणि पहिल्याच डाव्या वळणाला पुढचं चाक घसरलं. उजव्या वळणांनी डावी बाजू तापत नाही, ट्रॅक घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर डावीकडे जपूनच. लागलं काही नाही, पण लिव्हर, क्लिप-ऑन (हँडल) आणि उरलेला दिवस गेला. आता प्रत्येकाचा वेगळा पॉइंट, आणि वायर रीळ पूर्ण उलगडून, गुंडाळलेली वायर स्वतःच वॉर्मर होते! कुणी अमेरिकेहून 110-120 व्होल्टचा सेट आणला असेल तर कृपया 230 ला डायरेक्ट लावू नका, ताकद दुप्पट नाही, जवळपास चौपट होते आणि धूर निघतो.

आणि वॉर्मर काढायचा शेवटच्या क्षणी. आधी हेल्मेट, ग्लोव्हज, इंजिन चालू, मग कापड. आम्ही आधी काढायचो आणि मग ग्लोव्हज शोधायचो, पिटच्या तोंडाशी पाच मिनिटं उभं राहायचो, पुढचा टायर तेवढ्यात अर्धा गार.

बाकी किरकोळ. पावसाचे टायर 80 ला भाजू नका. चेनला ल्यूब मारून लगेच मागचा वॉर्मर लावला तर कापड तेल पितं आणि तेच पुढच्या वेळी टायरला लागतं. पेट्रोलचा कॅन वॉर्मरपासून लांब.

वॉर्मर एकाएकी गार पडला तर फेकायच्या आधी प्लग काढून मल्टीमीटर लावा. 230 व्होल्टचा 400 वॅटचा वॉर्मर साधारण 130 ओहम दाखवायला हवा. (कंट्रोलर मध्ये असेल तर थेट कापडाच्या बाजूने मोजा.) काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे, आणि ती बहुतेक वेळा तुटते जिथे वायर कापडात शिरते तिथे, कारण आपण घाईत वायर धरून ओढतो.