ट्रामच्या ब्रेकची वीज साठवायची तर हिशोब कुठून सुरू करायचा

ब्रेक लावताना ट्रामची मोटर उलटी जनरेटरसारखी चालते न् वीज बनवते, ती साठवायची, यंदा पण प्रोजेक्टला दोन-तीन ग्रुपनी हाच विषय घेतलाय आणि सगळे पहिलं हेच विचारायलेत, सर बॅटरी किती युनिटची टाकू? इथंच गाडी घसरते. आपल्याकडं टँकर येऊन पाच मिनिटं थांबतो तेव्हा घरात हजार लिटरची टाकी असून उपयोग नसतो बगा, पाइप केवढा न् भांड्याचं तोंड केवढं यावर पाणी मिळतं. ब्रेकच्या विजेचं अगदी तसंच.

आधी वजन न् स्पीड घ्या. समजा क्रांती चौक ते सिडको ट्राम धावतीय (नाहीये, माहितीय, समजा म्हणलं), 40 टनाची, 50 च्या स्पीडला. अर्धा एम व्ही स्क्वेअर (धावत्या गाडीतली ऊर्जा) लावा, पण स्पीड मीटर-सेकंदात करून, 13.9 येतो, किलोमीटर तसेच टाकून व्हायवाला येणारी पोरं दरवर्षी निघतातच. उत्तर साधारण 38.6 लाख ज्यूल, म्हणजे 1.07 युनिट. बास एवढंच! 200 वॉटचा कूलर पाच तास चालवला की संपली. त्यात गियर, मोटर, इन्व्हर्टरमधे जातं ते सोडून मी 70 टक्के धरतो, हातात 0.75 युनिट.

आता वेळ बगा, खरी गोम इथं आहे. सेकंदाला 1.15 मीटरनं स्पीड उतरवला तर गाडी 12 सेकंदात थांबते, म्हणजे सरासरी 320 किलोवॅट आणि ब्रेक लावल्या लावल्या त्याच्या दुप्पट, 640 च्या आसपास. एक युनिटच्या साध्या लिथियम बॅटरीला हे देणं म्हणजे कळशीत बोअरची मोटर सोडणं. म्हणून एकतर बॅटरी गरजेपेक्षा कितीतरी मोठी घ्या नाहीतर सुपरकपॅसिटर, म्हणजे झटकन भरणारा न् झटकन रिकामा होणारा मोठा कपॅसिटर, ज्याचं पोट लहान पण तोंड मोठं.

सुपरकपॅसिटरचे सेल मोजायचे असे: 3000 फॅरड (कपॅसिटरच्या क्षमतेचं माप), 2.7 व्होल्टच्या सेलमधे 3 वॉट-अवर बसतात, व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत वापरला की त्यातले 75 टक्के निघतात (ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर चालते, म्हणून निम्मे नाही!), म्हणजे 2.28. 0.75 युनिट म्हणजे 750 वॉट-अवर, 750 भागिले 2.28, साधारण 330 सेल, अर्ध्या किलोचा एक धरला तर 165 किलो, फ्रेम न् कूलिंग वेगळं.

जर्मनीत मानहाइमला 2003 पासून असा सुपरकपॅसिटर ट्रामवर बसवून बघितला, 30 टक्क्यांच्या आसपास वीज वाचली. फ्रान्समधे नीसला 2007 ला मात्र निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्या टाकल्या, कारण तिथं दोन चौक वायरशिवाय ओलांडायचे होते. काम वेगळं, भांडं वेगळं.

आणि मुळात साठवायची गरज आहे का हे पण बघा राव. 750 व्होल्टच्या लाइनवर शेजारी दुसरी ट्राम स्पीड घेत असेल तर ती ही वीज सरळ खाते. कुणी नसेल तर व्होल्टेज चढतं, 900 च्या वर जाऊ द्यायचं नसतं, मग टपावरच्या रेझिस्टरमधे सगळी जाळावी लागते, कारण सबस्टेशनचा डायोड रेक्टिफायर (ग्रिडच्या एसीची डीसी वीज करणारा) एकाच दिशेनं चालतो, वीज मागं ग्रिडला जात नाही. म्हणजे दर तीन मिनिटाला गाडी असेल तर फायदा कमी, वीस मिनिटाला असेल तर जास्त. टाइमटेबल जोडल्याशिवाय रिपोर्ट आणू नका.

गाडीतला थंड हवेचा एसी बहुतेक सगळेच विसरतात. एसी न् बाकीचं मिळून 40 किलोवॅट धरा, सिग्नलला एक मिनिट उभं राहिलं की 0.67 युनिट गेलं, म्हणजे एका ब्रेकची जवळपास सगळी कमाई!

शेवटचं टेंपरेचरचं. हे सुपरकपॅसिटरचे सेल साधारण 65 अंशापर्यंतचे असतात आणि दर 10 अंश वाढले की आयुष्य निम्मं होतं असं धरून चालतात. टपावर बसवणार असाल तर टेस्ट मे महिन्यात परभणीच्या उन्हात दुपारी दोनला घ्या, डिसेंबरात लॅबमधे घेतलेलं रीडिंग मी धरत नाही.