राउटरला केबल सापडत नसेल तर

राउटरवरचा वॅनचा दिवा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या इंटरनेट केबलच्या पोर्टचा दिवा, बंद असेल तर पासवर्ड, सेटिंगच्या मागे लागू नका. आधी इमारतीच्या डक्टमधला (केबलांच्या उभ्या कप्प्यातला) स्विच, म्हणजे घरोघरी इंटरनेट वाटणारी पेटी, चालू आहे ना, ते विचारा. वीज गेल्यावर तो बंद पडला, तर घरातल्या राउटरचा वॅनचा दिवाही लागत नाही.

मग चांगली पॅच केबल (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी नेटवर्क केबल) राउटरच्याच लॅन पोर्टमधून, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या पोर्टमधून, वॅन पोर्टमध्ये लावा. दिवा लागला की पोर्ट ठीक. केबल लगेच काढा. नाही लागला तर पोर्टच गेलाय. विजांच्या पावसात हे होतं.

बहुतेकदा दोष बाहेरून येणाऱ्या केबलच्या टोकाच्या कनेक्टरमध्ये सापडतो. ठाणे, वाशी, ऐरोलीत केबल गच्चीवरून खाली येते. पावसाचं पाणी आणि खाडीची दमट हवा तांबं खाते. पिना हिरवट दिसल्या तर टोक कापा. आतली तार काळी असेल तर लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत जा, उगाच कंजुषी नको. नव्या कनेक्टरमध्ये तारांचा क्रम डावीकडून १ ते ८, कनेक्टरची खिटी खाली ठेवून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकल्यावरच क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा.

१०० एमबीपीएसला वरच्या क्रमातल्या १, २, ३, ६ एवढ्या तारा पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही लागतात. दिवा लागूनही वेग शंभरावर अडकला तर ४, ५, ७, ८ तपासा.