रोमवरच्या डॉक्युमेंटरी बघताना या चुका टाळा

आमच्या वाचनालयात महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी इतिहासावरचे माहितीपट दाखवतो. प्रोजेक्टर, भिंतीवर ताणलेली पांढरी चादर आणि चाळीसेक खुर्च्या. गेली नऊ वर्षं हे काम माझ्याकडे आहे. प्राचीन रोम लावलं की खुर्च्या कमी पडतात, आणि दर वेळी बघणाऱ्यांच्या चुकाही त्याच असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पडद्यावर जे दिसलं ते उत्खननात सापडलंच आहे असं धरून चालणं. ही चूक मी स्वतः मुलांना शिकवली, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

इ.स. ७९ मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पॉम्पेई हे रोमन शहर गाडलं गेलं. राखेत अडकलेली माणसं कुजून गेली, पण घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. १८६३ मध्ये पुरातत्त्वज्ञ ज्युझेप्पे फिओरेल्लीने त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतायला सुरुवात केली. आपण पडद्यावर बघतो ती वाकलेली, तोंड झाकलेली माणसं म्हणजे हे प्लास्टरचे साचे. त्यातलाच एक, हातात सोन्याचं जाड कडं आणि अंगाशी लहान मूल. आम्ही दाखवलेल्या माहितीपटात निवेदक हळव्या आवाजात म्हणाला, ‘शेवटच्या क्षणीही आईने बाळाला सोडलं नाही.’ मागे व्हायोलिन. समोर बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या, मीही पुसले.

दिवे लागल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारलं, ‘बाई, ती आईच होती हे कसं कळलं?’ मी म्हटलं, ‘अगं, हातातलं कडं बघ ना.’ ती गप्प बसली. पुढे कितीतरी शाळांत मी ही गोष्ट ‘आई’ म्हणूनच सांगितली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या साच्यांमधल्या हाडांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कडं घातलेली ती व्यक्ती पुरुष होती, आणि मुलाशी तिचं रक्ताचं नातं नव्हतं. त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि माझं उत्तर चुकीचं होतं. ती आता कॉलेजात आहे. बातमी वाचली त्याच दिवशी मी तिला फोन केला. ती एवढंच म्हणाली, ‘मग त्याने ते मूल का उचललं असेल, बाई?’

तेव्हापासून मी एक वही ठेवते. डाव्या पानावर वस्तू लिहायची : साचा, कडं, मूल, जिन्याखालची जागा. उजव्या पानावर निवेदकाने त्यावर चढवलेली गोष्ट. कार्यक्रम संपला की फक्त डावं पान वाचायचं. ज्यांना वहीचा कंटाळा येतो त्यांना माझं स्पष्ट सांगणं आहे की मग करमणूक म्हणून खुशाल बघा, पण दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन ते इतिहास म्हणून सांगू नका.

दुसरी चूक ‘असं म्हणतात’ हे शब्द कानाआड करण्याची. रोम जळत असताना सम्राट नीरो फिडल (व्हायोलिनसारखं वाद्य) वाजवत होता, हे आपल्याकडे अग्रलेखांतसुद्धा येतं. आग लागली इ.स. ६४ च्या जुलैमध्ये, आणि फिडल तर त्यानंतर शेकडो वर्षांनी आलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय की आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर, अँटियम गावी होता. परतल्यावर त्याने बेघर लोकांसाठी आपल्या बागा उघडल्या, धान्याचा भाव उतरवला. शहराच्या १४ विभागांपैकी ३ भुईसपाट झाले आणि ४ शाबूत राहिले, हेही टॅसिटसच सांगतो. जळतं शहर बघून नीरो गात होता ही गोष्ट तो अफवा म्हणून नोंदवतो. आग अपघाताने लागली की सम्राटाने लावली, याचा निवाडा तो करत नाही. सुएटोनियस आणि कॅसियस डिओ हे इतर दोन लेखक मात्र आग नीरोनेच लावली असं ठामपणे लिहितात. पण आगीच्या वेळी टॅसिटस लहान मुलगा होता, सुएटोनियस जन्मलाही नसावा आणि डिओने लिहिलं ते जवळजवळ दीडशे वर्षांनी. म्हणून ‘असं म्हणतात’ ऐकलं की मी रिमोट दाबते आणि कोण म्हणतं, घटनेनंतर किती वर्षांनी, हे दोन्ही कागदावर लिहिते. पन्नास मिनिटांच्या कार्यक्रमाला आमच्याकडे दोन तास लागतात. ज्यांना दीडपट वेगाने बघायची सवय आहे ते मध्येच उठून जातात. मी वेग वाढवत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ज्युलियस सीझरला सम्राट म्हणू नका. तो आजन्म हुकूमशहा होता. पहिला सम्राट ऑगस्टस, इ.स.पू. २७ पासून.

सीझरचा खून फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, सभागृहात झाला नाही. तो पॉम्पे या सेनापतीने बांधलेल्या नाट्यगृहाला लागून असलेल्या सभागृहात झाला.

नीरोला कोलोसियममध्ये बसवलेलं दिसलं तर तो कार्यक्रम तिथेच बंद करा. नीरो ६८ मध्ये मेला, कोलोसियमचं उद्घाटन ८० मध्ये झालं.

ग्लॅडिएटरच्या (रिंगणात लढणाऱ्याच्या) लढतीत अंगठा खाली म्हणजे मृत्यू, ही खूण आपल्या मनात ठसवली ती फ्रेंच चित्रकार जेरोमच्या १८७२ मधल्या चित्राने. अंगठा वळवत एवढं जुन्या लेखकांत सापडतं. कुठल्या दिशेला, ते सापडत नाही.

रोमन घोडेस्वाराचा पाय रिकिबीत दिसला तर समजा की प्रसंग घाईत उरकलाय. त्यांच्याकडे रिकीब नव्हतीच.

पुतळे पांढरेशुभ्र नव्हते, रंगवलेले होते.

सुरुवात ग्लॅडिएटरपासून करू नका. नवीन माणसाला तेच हवं असतं हे मला माहीत आहे, पण आधी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शहराशी झालेली युद्धं बघा. रोमकडे पैसा, गुलाम आणि प्रांत कसे येत गेले हे कळलं की रिंगणातली माणसं कुठून आली तेही कळतं. अर्ध्या मिनिटाच्या रीलवर रोम शिकणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. पहिल्या शनिवारी त्यांना भूमध्य समुद्राचा कोरा नकाशा देते आणि कार्थेज दाखवायला सांगते.

शेवटची चूक खास आपली आहे. रोम दूरचं, आपला काय संबंध, असं म्हणून लोक व्यापारावरचे भाग सोडून देतात. थोरला प्लिनी हा रोमन लेखक तक्रार करतो की भारताकडे दर वर्षी ५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक समुद्रव्यापाराच्या पुस्तकात पैठण आणि तेर ही गावं नावानिशी आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.

उलट बाजूने, १९३८ मध्ये पॉम्पेईत एक हस्तिदंती मूर्ती सापडली, आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दागिन्यांनी मढलेली स्त्री, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. ती भोकरदनकडची असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे, आणि तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती बाहुली तेरला सापडली आहे. माहितीपटात तिला सरसकट ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती यक्षी आहे. माझ्या वहीत डाव्या पानावर लिहिलंय : स्त्री, हस्तिदंत, दोन दासी.