आई-बाबा, मुलं आणि ग्रँड कॅन्यन: पश्चिम अमेरिकेची रोड ट्रिप कशी आखावी

मे-जूनमध्ये भारतातून आई-बाबा येतात, मुलांना सुट्टी लागते आणि घरात विषय निघतोच, "या वेळी ग्रँड कॅन्यन दाखवूनच पाठवू." मग नकाशा उघडतो आणि हावरेपणा सुरू होतो. ग्रँड कॅन्यन करतोच आहोत तर यलोस्टोनही करू, योसेमिटीला जाऊन येऊ, माउंट रशमोर तेवढं कशाला सोडायचं? लास व्हेगासहून यलोस्टोनचा पश्चिमेकडचा दरवाजा एका बाजूने दहा-अकरा तासांवर आहे आणि माउंट रशमोर त्याच्याही पलीकडे, साउथ डकोटात. हे सगळं आठवड्यात बसवणारे महाभाग असतात. त्यांच्या अल्बममधले निम्मे फोटो गाडीच्या काचेतून काढलेले असतात.

तीन पिढ्या सोबत असतील तर माझं मत ठाम आहे: एकच वर्तुळ पकडा आणि बाकीचं पुढच्या वर्षीसाठी ठेवा. त्यासाठी लास व्हेगास, झायन, ब्राइस कॅन्यन, ॲरिझोनातलं पेज गाव, ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम (दक्षिणेकडचा कडा) आणि परत लास व्हेगास हा मार्ग सगळ्यात सोयीचा. एकूण ८०० ते ९०० मैल. शेवटचा दिवस सोडला तर रोजचं ड्रायव्हिंग तीन-साडेतीन तासांच्या आत राहतं.

मुक्काम आधी ठरवा, पॉइंट नंतर

आठ रात्रींची वाटणी अशी करा: व्हेगास १, झायनच्या दाराशी असलेलं स्प्रिंगडेल २, ब्राइस १, पेज १, ग्रँड कॅन्यन २ आणि परत व्हेगास १. रोज हॉटेल बदललं की रोज बॅगा भरा-उपसा आणि औषधांचा डबा शोधा. ते टाळण्यासाठी झायन आणि ग्रँड कॅन्यनला दोन-दोन रात्री हव्यातच.

ग्रँड कॅन्यनच्या आतली काही हॉटेलं तब्बल तेरा महिने आधी बुकिंगला खुली होतात आणि सुट्टीच्या तारखा भराभर जातात. ती मिळाली नाहीत तर दाराबाहेरचं टुसायान हे गाव चालतं. पण आत राहिलात तर पहाटे आजोबा एकटेच चालत कड्यापर्यंत जाऊन येऊ शकतात. त्यासाठी चार पैसे जास्त मोजायला माझी हरकत नसते.

शाळांचं बंधन नसेल तर मेचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबरचा शेवट उत्तम. शाळा आड येत असेल तर जूनचा पहिला आठवडा गाठा. व्हेगास आणि पेजला जून-जुलैत पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तर दुपारी अचानक गडगडाटी पाऊसही येतो.

पास आणि तिकिटं: इथे नीट लक्ष द्या

१ जानेवारी २०२६ पासून नियम बदलले आहेत. सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलरला, तर बाहेरून आलेल्यांना २५० डॉलरला मिळतो. शिवाय गर्दीच्या ११ उद्यानांत पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांकडून माणशी १०० डॉलर जादा घेतले जातात. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन ही तिन्ही त्या ११ मध्येच आहेत. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा अर्थातच बाहेरचे. एकाच गाडीत दोन्ही प्रकारची माणसं असली की कोणाचं किती होतं, हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर घरीच वाचून ठेवा आणि सगळ्यांची फोटो ओळखपत्रं हाताशी ठेवा. मागे गाड्यांची रांग लागलेली असताना बूथवर हिशेब करायला बसू नका.

फक्त तुमचंच चौकोनी कुटुंब असेल तर गणित सोपं आहे. तिन्ही ठिकाणी गाडीमागे ३५ डॉलर, म्हणजे १०५ होतात. पास ८० लाच आहे आणि वर्षभर चालतो. मूल चौथीत असेल तर इथल्या मुलांना वर्षभराचा मोफत पास मिळतो, तो आधी ऑनलाइन काढून छापून न्या.

पेजजवळचं अँटिलोप कॅन्यन, म्हणजे खडकातली अरुंद घळ, नॅव्हाहो या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर आहे आणि हॉर्सशू बेंड या नदीच्या नालासारख्या वळणाजवळचं पार्किंग पेज शहर चालवतं. तिथे हा पास दाखवून उपयोग नाही. अँटिलोपमध्ये नॅव्हाहो गाइडशिवाय प्रवेशच नाही, त्यामुळे टूर आधीच बुक करा. आजी सोबत असेल तर "अपर" घ्या, तिथे जमीन सपाट आहे. "लोअर" मध्ये उभ्या लोखंडी शिड्या चढा-उतराव्या लागतात.

गाडी

मिनीव्हॅन. यावर चर्चा नको. मोठी एसयूव्ही फोटोत रुबाबदार दिसते, पण दिवसातून दहा वेळा तीत चढताना आईचे गुडघे काय म्हणतात ते तिलाच विचारा. मिनीव्हॅनची फरशी खाली असते आणि दार सरकतं. आरव्हीचा (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा) मोह या मार्गावर टाळा, कारण झायनचा बोगदा १९३० सालच्या गाड्यांच्या मापाचा आहे आणि मोठ्या वाहनांवर तिथे निर्बंध आहेत.

भाडेकरारात दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घाला आणि मायलेजला मर्यादा नाही ना, ते बघा. संपूर्ण मार्गाचा नकाशा फोनवर उतरवून घ्या, कारण मैलोन्‌मैल रेंज नसते. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम ठेवा. अंधारात गाडी चालवू नका, हरणं आणि एल्क थेट रस्त्यावर येतात.

खाण्याची तयारी

स्प्रिंगडेल, ब्राइस आणि पेजमध्ये शाकाहारी माणसाला पिझ्झा, सॅलड, बीन बरीटो एवढंच मिळतं आणि किचन लवकर बंद होतं. दोन दिवस मुलं खूश असतात. तिसऱ्या दिवशी बाबा "मला फारशी भूक नाही" म्हणायला लागतात. त्याचा अर्थ वरणभात हवा असा घ्यायचा.

म्हणून व्हेगासला उतरल्यावर पहिली संध्याकाळ खरेदीसाठी ठेवा. तिथे भारतीय किराणा मिळतो. एक कूलर, पाण्याचे कॅन, दूध, दही, फळं आणि नव्वद सेकंदांत मायक्रोवेव्हमध्ये होणारी भाताची पाकिटं घ्या. घरून मेतकूट, तुपाची छोटी बरणी, शेंगदाण्याची चटणी, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि दुधात मळलेल्या दशम्या आणा. दशम्या पहिल्या दोन-तीन दिवसांत संपवा. लोणचं दोन पिशव्यांत गुंडाळा, नाहीतर भाड्याच्या गाडीला आठवडाभर त्याचा वास येतो. एवढ्यावर रात्रीचं जेवण भागतं. लहान राइस कुकर असेल तर खिचडीही होते. फक्त खोलीत फोडणी करू नका. मोहरी तडतडायच्या आत छतावरचा अलार्म कोकलतो आणि सगळं हॉटेल पायजम्यात पार्किंगमध्ये येऊन उभं राहतं.

इलेक्ट्रिक किटली घ्या. खोलीत कॉफी मेकर असतो, पण त्यातल्या पाण्याच्या चहालाही कॉफीचा वास लागतो आणि सकाळी सहाला तो विषय वाढवण्यात अर्थ नसतो.

पाणी माणशी दिवसाला एक गॅलन धरा. कोरड्या हवेत घाम दिसत नाही, त्यामुळे आजी-आजोबांना तहान लागल्याचं कळतच नाही. तासातासाला त्यांच्या हातात बाटली द्या.

घड्याळाची गंमत

व्हेगासहून युटाहमध्ये शिरलात की घड्याळ एक तास पुढे जातं. ब्राइसहून ॲरिझोनातल्या पेजला आलात की उन्हाळ्यात ते परत एक तास मागे येतं, कारण ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही. पण त्याच ॲरिझोनातल्या नॅव्हाहो भागात ती पाळतात. पेजमध्ये फोन कधी या टॉवरची वेळ पकडतो, कधी त्या. अँटिलोपच्या टूर पेजच्या वेळेने निघतात, तरी बुकिंग करताना विचारून घ्या आणि त्या दिवशी साधं हातातलं घड्याळ लावा.

आता प्रत्यक्ष प्रवास

झायनमध्ये उन्हाळ्यात मुख्य दरीत खाजगी गाड्या सोडत नाहीत, मोफत शटलने फिरायचं. सकाळी आठच्या आत व्हिजिटर सेंटरला पोहोचा, नंतर पार्किंग मिळत नाही. शटलच्या शेवटच्या थांब्यापासून निघणारा रिव्हरसाइड वॉक नदीच्या काठाने जातो. जाऊन-येऊन सुमारे दोन मैल, फरसबंद आणि बराचसा सावलीत. आजी-आजोबा जमेल तिथपर्यंत जाऊन बाकावर बसतील. मुलांना पुढे नदीत पाय बुडवू द्या, मात्र त्याआधी त्या दिवसाचा पुराचा अंदाज व्हिजिटर सेंटरच्या फलकावर वाचा. दूर कुठेतरी डोंगरावर पाऊस पडतो आणि इथे निरभ्र आकाशाखाली लोंढा येतो. १९९७ च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटिलोपमध्ये असेच ११ पर्यटक वाहून गेले. गाइडने टूर रद्द केली तर हुज्जत घालू नका.

व्हिजिटर सेंटरमध्येच मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका मागून घ्या. त्यातली कोडी सोडवली की रेंजर मुलांना शपथ देतो आणि बिल्ला लावतो. पहिला बिल्ला मिळाला की पुढच्या उद्यानांसाठी मुलांच्या मागे लागावं लागत नाही.

ब्राइसला जाताना रस्ता नागमोडी चढून त्या मैलभराच्या बोगद्यात शिरतो. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. ब्राइसचा कडा ८,००० फुटांवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा अडीच हजार फूट उंच. पहिल्या संध्याकाळी हळू चाला. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं असतील तर निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्या. सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही कड्यावरची वाट सपाट आणि फरसबंद आहे, ती सर्वांना जमते. खाली दिसणारे ते नारिंगी सुळके बर्फाने घडवलेत: फटीत पाणी शिरतं, रात्री गोठून फुगतं आणि खडक फोडतं. हे वर्षातून दीडशेहून अधिक वेळा घडतं. सूर्योदय चुकवू नका. जूनमध्येही पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागते आणि आईची शाल इथेच कामाला येते.

पेजला उन्हाचा तडाखा असतो. अँटिलोपची सकाळची टूर घ्या आणि हॉर्सशू बेंड सूर्य चढायच्या आत किंवा आदल्या संध्याकाळी उरका. तिथे कठडा थोड्याच भागाला आहे आणि खाली हजार फूट कडा, त्यामुळे लहान मुलाचा हात सोडायचा नाही.

तिथून ग्रँड कॅन्यनला पूर्वेच्या डेझर्ट व्ह्यू दारानेच शिरा. १९३२ साली मेरी कोल्टर यांनी रचलेला दगडी मनोरा तिथे आहे आणि पहिलं दर्शन गर्दीविना होतं. त्या बाजूच्या पॉइंटांवर थांबत जा आणि नकाशात "विष्णू टेंपल" शोधा. एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक क्लॅरन्स डटन यांनी इथल्या शिखरांना विष्णू, शिव अशी नावं दिली, पुढे ब्रह्मा, राम, कृष्णही आले. आजी हात जोडतेच, तयारीत राहा. दरीच्या तळाशी असलेल्या काळ्या खडकाचं नावसुद्धा "विष्णू शिस्ट" आहे. वय सुमारे १७० कोटी वर्षं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यावापाई म्युझियमपासून "ट्रेल ऑफ टाइम" चाला. फरसबंद वाटेवर एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि कडेला त्या-त्या काळातले दगड हात लावायला मांडलेत. "आज" जिथून सुरू होतो तिथून ६६ व्या मीटरवर मुलांना थांबवा आणि सांगा, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ इतका जुना. समोरच्या दरीचा सगळ्यात वरचा, म्हणजे सर्वांत तरुण थर तिथून बराच पुढे, २७० मीटरच्या आसपास येतो. भूगोलात कधी न रमलेली माझी मुलगी इथे मात्र पावलं मोजत पुढे पळत होती.

दरीत उतरायची हौस असेल तर ब्राइट एंजल ट्रेलवर पहिल्या बोगद्यापर्यंत जाऊन परत या. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी व्हिजिटर सेंटरमध्ये व्हीलचेअरची चौकशी करा. खारींना काही खायला घालू नका. चिवड्याचा वास लागला की त्या अंगावर येतात, चावतात, आणि खायला घालणं नियमाविरुद्धही आहे.

परतीचा दिवस सर्वांत लांब, सुमारे २८० मैल. वाटेत हूवर धरणावर तासभर थांबा. हायवेच्या पुलावरून गाडीत बसून धरण दिसत नाही, कठडे आड येतात. त्यामुळे बाहेर पडून सुरक्षा तपासणी करून खालच्या रस्त्याने जावं लागतं. १९३५ साली पूर्ण झालेलं हे धरण २२१ मीटर उंच आहे, कोयनेच्या दुपटीहून जास्त. बाबा कधीकाळी पाटबंधारे खात्यात असतील तर तासाचे दोन तास होतील.

व्हेगासला पोहोचलात की थाळी मिळेल अशा ठिकाणी जेवा, टाकी भरा आणि गाडी परत करण्याआधी पेट्रोल पंपावरचा व्हॅक्यूम फिरवा. मागच्या सीटखाली लाल माती आणि चिवडा दोन्ही निघतात, आणि साफसफाईचे पैसे वेगळे लावायला कंपन्या मागेपुढे बघत नाहीत.