सुट्टीतली रात्रपाळी: जागायचं नंतर बघा, आधी झोपायचं ठरवा

उन्हाळ्याच्या सुट्टीत चार पैसे जास्तीचे मिळावेत म्हणून कुणी रात्रीचं काम धरलं की सगळे एकाच गोष्टीवर सल्ले देतात: जागं कसं राहायचं. कॉफी प्या, गाणी लावा, तोंडावर पाणी मारा. मी चार उन्हाळे रात्रपाळी केली. दोन उन्हाळे गोदामात खोक्यांना लेबलं चिकटवली आणि दोन उन्हाळे दुकान बंद झाल्यावर आतला माल मोजला. त्या अनुभवावरून सांगते, रात्र निघते. रडतखडत का होईना, निघते. माणूस काम सोडायचं ठरवतो ते दुपारी साडेबाराला, अंथरुणात टक्क डोळे उघडे ठेवून पडलेलं असताना.

म्हणून या लेखात रात्रीपेक्षा दिवसावर जास्त लिहिलं आहे.

काम धरताना

पाळी कधी सुरू होते हे सगळेच विचारतात. संपल्यावर घरी कसं पोचायचं, हे आधी विचारा. रात्रीचा जास्तीचा भत्ता किती, मधली सुट्टी किती मिनिटांची, पगार आठवड्याने की महिन्याने, हे लेखी घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा रात्रीच्या कामाबद्दल 1990 सालचा एक करार आहे, क्रमांक 171. रात्रीचं काम वेगळ्या स्वरूपाचं असतं आणि मोबदल्यात त्याची दखल घेतली पाहिजे, असं तो सांगतो. मोजक्याच देशांनी तो मंजूर केला आहे, त्यामुळे तुमच्याकडे भत्ता मिळेलच असं धरून चालू नका, विचारा.

पाळी ठरलेली असेल तरच हो म्हणा. आठवडाभर रात्र, मग आठवडाभर सकाळ अशी फिरती पाळी दोन महिन्यांसाठी कुणी देऊ केली तर मी सरळ नाही म्हणते. शरीर जरा कुठे वळायला लागतं तोवर पाळी बदलते. फिट्सचा त्रास असेल, मधुमेहाची औषधं चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते, तिथे हिंमत दाखवण्यात अर्थ नाही.

पहिली रात्र

पहिल्या रात्रीची चूक एकच आणि ती सगळे करतात: सकाळी सातला नेहमीसारखं उठतात, दिवसभर हिंडतात आणि रात्री दहाला कामावर उभे राहतात. पाळी सुटेपर्यंत तेवीस तास उलटलेले असतात. 1997 साली ‘नेचर’मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात सतरा तास जागलेल्यांचं काम रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्यांइतकं घसरलं होतं, आणि चोवीस तासांनी साधारण 0.10 टक्के असलेल्यांइतकं. म्हणजे तुम्ही एक थेंबही न घेता झिंगलेले असता. आदल्या रात्री शक्य तितकं उशिरा झोपा, सकाळी उशिरा उठा आणि कामावर निघण्याआधी संध्याकाळी दीड तास पडा. झोप लागली नाही तरी अंधारात पडून राहा.

तीन ते पाच

शरीराचं तापमान पहाटे चारच्या आगेमागे सगळ्यात खाली जातं. त्या वेळी अंगाला कापरं भरल्यासारखं वाटतं, डोळे चुरचुरतात, आणि कामात तोचतोचपणा असेल तर डोकं तिथे नसतंच. पहिल्या उन्हाळ्यात पाचव्या रात्री मी चाळीसेक खोक्यांना लेबलं उलटी लावली. हात व्यवस्थित चालले होते, कडा जुळवून, बोट फिरवून, एक बुडबुडा राहू न देता. फक्त सगळी उलटी. मुकादम काही बोलला नाही, त्याने नवीन रोल आणून पुढ्यात ठेवला.

यात नुसत्या झोपेचा दोष नाही, एकसुरी कामाचाही आहे. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने 1948 साली रडारवर बसणाऱ्यांच्या अडचणीवरून एक चाचणी प्रसिद्ध केली. घड्याळासारख्या तबकडीवर काटा दर सेकंदाला एक घर सरकतो, क्वचित कधीतरी दोन घरं उडी मारतो. ती उडी दिसली की बटण दाबायचं, बस. पहिल्या अर्ध्या तासानंतर माणसं उड्या चुकवायला लागली, आणि तीही दिवसभराची दमलेली नव्हेत. तेव्हा दर अर्ध्या तासाने काहीतरी बदला. लेबलं लावणारा आणि खोकी रचणारा यांनी जागा बदलाव्यात. बहुतेक मुकादम याला हरकत घेत नाहीत, त्यांनाही चुका नकोच असतात. अदलाबदल जमत नसेल तर हात बदला, बाजू बदला, मोजणी शेवटाकडून सुरू करा. गाण्यांनी वेळ जातो, पण चुका कमी झाल्याचं मला काही दिसलं नाही.

मधल्या सुट्टीत वीस मिनिटांची डुलकी घ्या. गजर लावून, वीसच मिनिटं. तास-दीड तास झोपून उठलात तर पुढचा अर्धा तास जडपणात जातो. आणि चहा-कॉफी रात्री दोननंतर बंद. कॅफिन शरीरात निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. चारला घेतलेला कप तुम्हाला पहाटे साथ देतो आणि सकाळी झोपू देत नाही.

सकाळ, म्हणजे खरं काम

पहिल्या उन्हाळ्यात माझा क्रम असा होता. सहाला सुटायचं, सातला घरी. मग गच्चीत बसून निवांत खायचं, कारण सकाळची हवा छान असते. सावकाश अंघोळ, थोडा फोन, साडेआठला अंथरुणात. बारा वाजून वीस मिनिटांनी डोळे उघडायचे ते उघडेच. पडून राहायचे, कूस बदलायची, घड्याळ बघायचे, संध्याकाळी कामावर जायचंय या विचारानेच धडधडायचं. आठवडाभर हे चाललं. मला वाटायचं मीच नाजूक आहे. माझ्याबरोबरचा एक मुलगा दिवसा आठ तास घोरायचा आणि रात्री शीळ घालत काम करायचा.

त्याच्याशी बरोबरी करू नका. झोपेचा अभ्यास करणारे नॅथॅनिएल क्लाइटमन 1938 साली आपल्या तरुण सहकाऱ्याबरोबर अमेरिकेतल्या मॅमथ केव्ह या गुहेत बत्तीस दिवस राहिले. तिथे सूर्यच नाही, तेव्हा शरीराला अठ्ठावीस तासांच्या दिवसाची सवय लागते का, हे त्यांना बघायचं होतं. सहकाऱ्याला लागली. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनना शेवटपर्यंत लागली नाही. गुहा एक, दिनक्रम एक, शरीरं दोन.

साडेबाराला जाग का येते, तर झोप दोन गोष्टींवर चालते. एक थकवा, जो जागेपणी साठतो आणि झोपेत उतरतो. दुसरं शरीराचं घड्याळ, जे पहाटेनंतर तापमान चढवत नेतं आणि दिवस उगवला असं सांगत राहतं. रात्री झोपलं की दोघं एकाच बाजूने ओढतात. सकाळी झोपताना घड्याळ विरोधात असतं, पण थकवा इतका असतो की चार-पाच तास तो जिंकतो. तो जरा उतरला की घड्याळ तुम्हाला उठवून बसवतं. हे मनोबलाने होत नाही, त्यामुळे मनोबल वाढवायचे सल्ले बाजूला ठेवा.

घड्याळाला चावी उजेड देतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी खास या कामासाठी आहेत. समोर काय आहे हे बघणं हे त्यांचं मुख्य काम नाही, उजेड किती आहे ते त्या मेंदूला कळवतात. पाळी सुटल्यावरचं सकाळचं ऊन म्हणजे त्यांना नेमका नको तो निरोप. माझं गच्चीतलं खाणं मला रोज पुन्हा दिवसाच्या घड्याळावर नेऊन बसवत होतं. उन्हाळ्यात तर सूर्य तुमच्या आधी हजर असतो. म्हणून गोदामाच्या दारातच काळा चष्मा लावा आणि घरात शिरेपर्यंत काढू नका. लोक बघतात, बघू देत. मात्र स्वतः गाडी चालवणार असाल तर हा सल्ला मुळीच पाळू नका. पेंगत असताना काळी काच लावून गाडी हाणणं हा वेडेपणा आहे. खरं तर गाडीच चालवू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात एका वळणावर मला मागच्या भोंग्याने जाग आली, आणि त्या आधीचा रस्ता कुठून आला ते आजही आठवत नाही. तेव्हापासून बस. भत्त्यातला एक हिस्सा त्यात जातो, जाऊ दे.

दारातून आत आल्यापासून अंथरुणात पडेपर्यंत चाळीस मिनिटं, त्याहून एकही जास्त नको. थोडंसं खा, कारण भुकेनेही मध्येच जाग येते. तोंड, हातपाय धुवा. फोन बाहेरच्या खोलीत. ‘जरा टेकते’ म्हणून दिवाणखान्यात बसलात की संपलं. पेंग येते आणि निघून जाते, पुढची गाडी कधी येईल सांगता येत नाही.

खोली निवडताना पूर्वेकडची खिडकी टाळा. आपली रोजची खोली, आपला पलंग असला हट्ट धरू नका. मी शेवटी मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकली आणि तिथेच मला पहिल्यांदा सलग पाच तास झोप लागली. खिडकी असेलच तर जाड काळा कागद काचेला चिकटवा. नुसता पडदा चालत नाही, पट्टीएवढी फट डोळ्यावर येते ती येतेच. परीक्षा सोपी: झोपल्या जागी हात डोळ्यांसमोर धरा. बोटं मोजता आली तर अंधार पुरेसा नाही.

उकाडा हा उन्हाळ्याचा खास शत्रू. झोप लागायला आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि तापलेली खोली ते उतरू देत नाही. रात्री खोलीची दारं उघडी ठेवून ती गार होऊ द्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करा. पंखा जोरात लावा, त्याच्या घरघरीत बाहेरचे आवाजही बुडतात. उरलेल्यांसाठी कानात बोळे.

बोळ्यांनी न भागणारा आवाज म्हणजे घरची माणसं. दिवसा झोपणारा माणूस घरच्यांना झोपलेला वाटतच नाही, आळशी वाटतो. आई दार ढकलून म्हणायची, “जागीच आहेस ना? मग जरा खाली जाऊन येतेस?” मी जागी नव्हते, दार वाजल्यावर झाले होते. यावर भांडण करून काही साधलं नाही. एके रात्री दोन वाजता मी तिला फोन केला आणि म्हटलं, “आई, जागीच आहेस ना?” तिला कळलं. तुम्ही इतक्या थराला जाऊ नका, पण पहिल्याच दिवशी सगळ्यांना वेळा स्पष्ट सांगा, घंटी बंद करा, दारावर कागद लावा. ‘कृपया’ लिहायची गरज नाही, ‘साडेबारापर्यंत झोप’ एवढं पुरे.

आता साडेबाराचं. उठा. सरळ उठा आणि आठ तास सलग झोपायचा नाद सोडा, माझा सगळा उन्हाळा त्या नादात फुकट गेला. सकाळी पाच तास, आणि कामावर जाण्याआधी संध्याकाळी पुन्हा दीड-दोन तास. दोन तुकडे मिळून हिशेब जमतो. सकाळचा तुकडा रोज त्याच वेळेला, संध्याकाळच्याला थोडी ढिलाई चालते. संध्याकाळी उठल्यावर निघायला निदान अर्धा तास हाताशी ठेवा, त्या झोपेतून माणूस लगेच वर येत नाही. दुपारच्या मोकळ्या वेळात दुसरं काम धरू नका. माझ्या एका मैत्रिणीने धरलं, आणि दहाव्या दिवशी दोन्ही सोडली.

झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. यावर मला वाद घालायचा नाही.

सुट्टीचे दिवस

आठवड्याच्या सुट्टीला रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठलात तर आठवडाभर कमावलेलं सगळं गेलं. दिवसभर झोपून राहिलात तर मित्र, घर, सूर्य, सगळं गेलं. मधला मार्ग: पहाटे तीन-चारला झोपा आणि बाराला उठा. सकाळच्या झोपेचा मोठा भाग नेहमीच्या वेळेत राहतो आणि दुपारपासून तुम्ही माणसांत असता.

दोन आठवडे हे सगळं नीट पाळूनही रोज चार तासांच्या वर झोप होत नसेल, चिडचिड थांबत नसेल, तर काम सोडा आणि दिवसाचं शोधा. क्लाइटमननाही जमलं नव्हतं.

शेवटची पाळी

शेवटच्या सकाळी पाच तास झोपू नका. दोन तास पडा, गजराने उठा, काळा चष्मा घरी ठेवून भरपूर उन्हात फिरा आणि रात्री दहापर्यंत कसंही ताणा. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते. त्या दिवशी संध्याकाळी कुठलाही महत्त्वाचा निर्णय घेऊ नका, आणि हिशेबाच्या कागदावर सही करायला तर दुसऱ्या दिवशीच जा. रात्रीचे तास, भत्ता, सुट्टीच्या दिवशी भरलेल्या पाळ्या हे सगळं स्वतःच्या वहीशी ताडून बघा. माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात तीन रात्री कमी धरल्या होत्या. वही दाखवली, मुकाट्याने दिल्या.