लीन वेव्हर आणि बिलांची कागदपत्रे: कॅलिफोर्नियातील बांधकाम कार्यालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

कॅलिफोर्नियात मुख्य कंत्राटदाराच्या कार्यालयात बिलिंगचे काम हाती घेताना आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. खासगी बांधकामावर ज्याने राबून काम केले किंवा माल पुरवला, त्याचे पैसे थकले तर त्याला थेट त्या मालमत्तेवर दावा नोंदवता येतो. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढतो, तसा हा बोजा काउंटीच्या दप्तरी मालकाच्या जागेवर चढतो; आणि मालकाशी ज्याचा कसलाही करार नाही, असा वायरींचा पुरवठादारदेखील तो चढवू शकतो. म्हणूनच मालक आणि त्याला कर्ज देणारी बँक प्रत्येक बिलासोबत लीन वेव्हर, म्हणजे हा हक्क सोडल्याचा सहीचा कागद, मागतात.

या कागदाचे चार नमुने राज्याच्या दिवाणी संहितेतच दिलेले असून सध्याची कलमे १ जुलै २०१२ पासून लागू आहेत. चालू बिलासाठी कलम ८१३२ आणि ८१३४, तर अंतिम बिलासाठी ८१३६ आणि ८१३८; प्रत्येक जोडीतला पहिला सशर्त, दुसरा बिनशर्त. सशर्त कागद पैसे प्रत्यक्ष मिळाल्यावरच लागू होतो. बिनशर्त कागदावर मात्र सही केली की, पैसे मिळालेले नसले तरी, तो सही करणाऱ्यावर बंधनकारक ठरतो, आणि तशी सूचना त्या नमुन्यावरच छापलेली असते. त्यामुळे चेक वटण्याआधी कोणाकडूनही बिनशर्त कागद मागू नये, असे माझे ठाम मत आहे. वरिष्ठ घाई करत असले तरी हे त्यांना शांतपणे सांगावे, कारण छोट्या सब-काँट्रॅक्टरच्या हाती थकबाकी वसूल करण्यासाठी मालमत्तेवरचा हा हक्क हेच मोठे बळ असते.

दर महिन्याचा क्रम असा चालतो: या महिन्याच्या बिलासोबत सशर्त वेव्हर आणि मागच्या महिन्याच्या मिळालेल्या रकमेचा बिनशर्त वेव्हर. समजा, इलेक्ट्रिकल सब-काँट्रॅक्टरने ३० जूनपर्यंत ४८,००० डॉलरचे काम केले आणि करारानुसार ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवायची रक्कम, कापायचे आहे. २,४०० डॉलर वजा होऊन चेक ४५,६०० चा निघणार, म्हणून वेव्हरवरही ४५,६०० हीच रक्कम आणि ३० जून हीच थ्रू डेट, म्हणजे ज्या तारखेपर्यंतच्या कामाचा हक्क सोडला जातो ती तारीख, हवी. तिथे ३१ जुलै पडले, तर ज्या कामाचे बिलही झालेले नाही त्यावरचा हक्क सोडल्यासारखे होते. चालू बिलाच्या नमुन्यात रिटेन्शन आणि पैसे न मिळालेले जादा काम वगळलेले असते, हे सब-काँट्रॅक्टरला आवर्जून सांगावे; पुष्कळांना ते ठाऊक नसते. (खासगी कामांवर १ जानेवारी २०२६ पासून झालेल्या करारांत रिटेन्शनला, काही अपवाद वगळता, ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.)

वेव्हर कोणाकोणाकडून घ्यायचे, याचा माग प्राथमिक नोटिसांवरून, म्हणजे आपण या कामावर राबतो किंवा माल पुरवतो असे कळवणाऱ्या पत्रांवरून, लागतो. काम किंवा पुरवठा सुरू झाल्यापासून २० दिवसांत ही नोटीस द्यायची असते. उशिरा दिली तरी हक्क सर्वस्वी जात नाही, फक्त नोटिशीच्या आधीच्या २० दिवसांपासून पुढचेच काम त्यात धरले जाते. आलेली प्रत्येक नोटीस त्याच दिवशी तक्त्यात चढवावी आणि तिच्यावरचे कंपनीचे पूर्ण नाव वेव्हरवरील नावाशी अक्षरशः जुळवून पाहावे.

अंतिम बिलाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. त्या दोन्ही नमुन्यांत जादा कामाच्या वादग्रस्त रकमेसाठी एक रकाना असतो आणि तिथे लिहिलेली रक्कमच हक्कातून वगळली जाते. चेंज ऑर्डरचा, म्हणजे करारातल्या कामात नंतर केलेल्या बदलाचा, वाद मिटलेला नसताना तो रकाना कोरा ठेवून सही केलेला कागद आला, तर फाइलला लावण्याआधी मी त्या सब-काँट्रॅक्टरला फोन करून विचारते.